उपरा कोण? बोचकेवाला की एफएसआयवाला?



मुंबईत कुठल्याही नाक्यावर उभे राहा, एकच रड ऐकू येते. वस्ती बदलली. परळची बदलली, वरळीची बदलली, नायगाव-शिवडीची बदलायला लागली. बदलली हे खोटं नाही. पण कोणी बदलली म्हणून विचारा, की दहातली आठ बोटं भय्याकडे जातात. केळी विकणारा भय्या, टॅक्सीवाला भय्या, लादी बसवणारा राजस्थानी, सेंटरिंग ठोकणारा बंगाली. उरलेली दोन बोटं वर टॉवरकडे जातात, आणि तीसुद्धा कौतुकानं. काय बिल्डिंग आहे यार!

हे संपादकीय या दहा बोटांसाठी आहे. आमचं म्हणणं सरळ आहे. डोक्यावर बोचकं घेऊन आलेला माणूस या शहरात कुणाची चाळ पाडत नाही. चाळ पाडतो तो एफएसआय घेऊन येणारा. त्याला कुणी उपरा म्हणत नाही. त्याच्यासाठी मंत्री नारळ फोडतात. आणि आपली पोरं, बाबासाहेबांचं नाव घेणारी पोरं, जेव्हा बोचकेवाल्याला मारायला धावतात, तेव्हा ती त्या दुसऱ्याचा रस्ता साफ करत असतात. तेही फुकटात.

आधी आपलंच बोचकं सोडून बघू. आपण काय आभाळातून पडलो? आपले आजे-पणजे रत्नागिरीहून बोटीनं आले, सातारा-नगरहून मिळेल त्या वाटेनं आले, १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून आले. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून आईबापाबरोबर पायी चालत या शहरात आले. १९२१च्या जनगणनेत मुंबईत राहणाऱ्या दर शंभरातली ऐंशीहून जास्त माणसं मुंबईबाहेर जन्मलेली होती. म्हणजे हे शहर बांधलं ते सगळं उपऱ्यांनी. निजामाच्या मुलखातून कामाठी आले, त्यांनी इमारती बांधल्या, रस्ते फोडले, म्हणून कामाठीपुरा. धारावीचे कुंभार सौराष्ट्रातले, कातडं कमावणारे तिरुनेलवेलीकडचे, जरीकाम करणारे उत्तर प्रदेशातले. या शहराच्या एकेका गल्लीचं नाव खरवडलं तर खाली कुठल्या तरी दुष्काळाचं नाव निघतं.

आपल्या येण्यात आणखी एक गोष्ट होती. शेतवाला कुणबी पोटासाठी आला. शिमग्याला, गणपतीला तो गावी जात राहिला, कारण गावात त्याची जमीन होती आणि मान होता. आपण पोटासाठी आलोच, पण मेलेलं ढोर ओढायचं नाही म्हणूनही आलो. पाटलाच्या वाड्यापुढून पायात चप्पल घालून चालता यावं म्हणून आलो. ४ नोव्हेंबर १९४८ला घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्याची जी सालटी काढली, त्यामागे हा सगळा इतिहास होता. ते स्वतः परळच्या बीआयटी चाळीत वीसेक वर्षं राहिले. शहर म्हणजे आपल्यासाठी नुसतं कामाचं ठिकाण नव्हतं. आडनाव न सांगता गर्दीत मिसळता येईल अशी ही पहिली जागा होती.

शहरानं जात सोडली असं कुणी समजू नये. गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त. तिथं धोट्यातला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. महाराच्या तोंडचा धागा मराठ्याच्या तोंडी कसा जाणार? म्हणून आपल्याला विणकाम खातं बंद. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला. मग आपण गेलो कमी पगाराच्या खात्यात, रेल्वेत, गोदीत, म्युनिसिपालटीच्या झाडूत. राहायला मिळालं तेही तसंच. चाळीत आपल्या बिल्डिंगा वेगळ्या, नाहीतर नाल्याकडेला झोपडं.

एवढं सगळं ज्याच्या घरात झालंय तो पोरगा आज दुसऱ्या बोचकेवाल्याला म्हणतो, तू बाहेरचा. च्यायला, हे शिकवलं कुणी?

शिकवणारे जुने आहेत. १९६६ साली शिवसेना निघाली तेव्हा शत्रू होता लुंगीवाला. त्या लुंगीवाल्यांत उडप्याच्या हॉटेलात कपबशा विसळणारी पोरं होती, धारावीत कातडं कमावणारे आदिद्रविड होते, म्हणजे आपलेच. २००८ साली शत्रू झाला भय्या. रेल्वेच्या परीक्षेला आलेल्या पोरांना स्टेशनात बडवलं, टॅक्स्या फोडल्या. या बेचाळीस वर्षांत मराठी माणसाच्या नावानं किती डोकी फुटली ते मोजा, आणि याच काळात गिरणगावात मराठी माणसाच्या किती खोल्या वाचल्या तेही मोजा. डोकी फोडणारे कधी आमदार झाले, कधी बिल्डरचे भागीदार झाले. ज्यांच्यासाठी फोडली म्हणाले ते नालासोपाऱ्याला गेले.

आता एक हिशोब बघा. हा सरकारी जनगणनेचा हिशोब आहे. २००१ साली मुंबई शहर जिल्ह्यात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या बेटावर, ३३ लाख ३८ हजार माणसं होती. २०११ साली राहिली ३० लाख ८५ हजार. दहा वर्षांत अडीच लाख माणसं कमी झाली! भय्यांचे लोंढे येतात म्हणून बोंबललं जात होतं ती हीच दहा वर्षं. टॉवर उठत होते तीही हीच दहा वर्षं. मजले वाढले आणि माणसं घटली. त्याच दहा वर्षांत ठाणे जिल्ह्याची वस्ती ८१ लाखांवरून ११० लाखांवर गेली. माणसं कुठे गेली ते सांगायला ज्योतिषी नको. पहाटेची बदलापूर लोकल बघा.

लोंढा आला असता तर बेट भरलं असतं. ते रिकामं झालं, कारण खोलीच्या जागी गुंतवणूक आली. जिथे सात माणसांचं घर दहा बाय सोळाच्या खोलीत राहायचं, तिथे आता दोन माणसं अठराशे फुटांत राहतात. काही फ्लॅटांत तर कुणीच राहत नाही. पैसा राहतो. रात्री फुटपाथवर उभे राहून टॉवरचे पेटलेले दिवे मोजा, कळेल.

या प्रकाराला इंग्रजीत एक शब्द आहे, जेंट्रिफिकेशन. १९६४ साली लंडनमध्ये रूथ ग्लास नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईनं तो काढला. कामकऱ्यांच्या गल्ल्या मध्यमवर्गीय, उच्चवर्गीय लोक एकेक करून विकत घेतात, डागडुजी करतात, भाव चढतो आणि जुना माणूस बाहेर फेकला जातो, हे तिनं पाहिलं. जेंट्री म्हणजे खानदानी जमीनवाले. म्हणजे शब्दाचा अर्थ झाला वस्तीचं इनामदारीकरण. आपल्या बायका त्याला एका वाक्यात म्हणतात, टॉवर आला. पाऊस आला, पूर आला, तसा टॉवर आला. आमची तक्रार याच वाक्याबद्दल आहे. टॉवर येत नसतो. तो आणतात. कागदावर आणतात, तारीख-वार घालून आणतात.

कसा आणतात ते गिरणगावावरून शिका. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. संप मोडला. गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. जमीन राहिली. ५८ गिरण्या, सुमारे ६०० एकर, शहराच्या ऐन काळजात. १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत लिहिलं की गिरणीची जमीन विकसायची तर तीन वाटे करा. एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. हे वाचून वाटेल, ठीक आहे. २००१ साली त्यात एक दुरुस्ती घातली. वाटे पाडायचे ते फक्त मोकळ्या पडलेल्या जागेचे. ज्या जमिनीवर गिरणीचं बांधकाम उभं आहे ती अख्खी मालकाची. आता गिरणी म्हटलं की जमिनीवर शेड उभी असणारच. म्हणजे वाटणीला उरलं काय? कंपाउंडचा कोपरा. मुंबईच्या उच्च न्यायालयानं २००५ साली हे अडवलं. २००६च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोकळं केलं. झालं. एका शब्दाच्या फेरफारानं जेवढी जमीन गेली तेवढी जमीन सगळ्या भय्यांनी मिळून शंभर वर्षांत घेतली नसती.

त्या दुरुस्तीवर किती दगड पडले? एकही नाही. कारण ती वाचलीच कुणी नाही. आपण सगळे भेळवाल्याची गाडी उलटी करण्यात दंग होतो.

गिरणी कामगारांच्या घरांसाठी सुमारे पावणेदोन लाख कामगारांनी आणि वारसांनी अर्ज भरले. घर मिळालं ते दहातल्या एकाच्या आसपास. बाकीच्यांना सरकार म्हणालं, शेलू-वांगणीला जा. कर्जतच्या वाटेवरचं शेलू! ज्याच्या बापानं लालबागला साचा चालवला त्यानं शेलूला जायचं, आणि साच्याच्या जागी ज्याचं ऑफिस आलं त्यानं लालबागला राहायचं. २०२५च्या जुलैत म्हातारे कामगार आझाद मैदानात बसले. त्यांच्या मागे तरुण पोरं किती होती? हा सवाल आम्ही आमच्यासकट सगळ्यांना विचारतो.

वस्ती घेतात तेव्हा पहिलं तिचं नाव घेतात. लोअर परळ जाहिरातीत अप्पर वरळी झालं. वडाळ्याला न्यू कफ परेड उगवलं. नायगाव म्हणायची लाज वाटते म्हणून दादर ईस्ट. नाव गेलं की मग खानावळ जाते. मग मटणाचं दुकान जातं. मासेवाली फुटपाथवरून उठते, कारण वास येतो. पिठाची गिरणी जाते, कारण आवाज येतो. मग चौदा एप्रिलच्या मिरवणुकीची तक्रार होते, कारण झोप मोडते. जी बाई तीन घरची धुणीभांडी करून आपलं पोरगं शिकवत होती ती आता विरारहून पहाटे निघते आणि त्याच मजल्यावर धुणीभांडी करते. तिचं काम वस्तीत राहिलं, ती वस्तीबाहेर गेली. गावकुसाबाहेरून आत कामाला यायचं आणि सांजच्याला बाहेर जायचं, हे आपण कुठेतरी पाहिलंय ना?

२९ सप्टेंबर २०१७ला एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यावर २३ माणसं चेंगरून मेली. गिरण्यांच्या जागी काचेची ऑफिसं उठली, तिथे रोज हजारो माणसं कामाला यायला लागली, आणि पूल राहिला गिरण्यांच्या काळातला. चटईक्षेत्र मोजणाऱ्यांनी माणसाच्या पावलाला किती फूट लागतात ते मोजलं नव्हतं. पुढच्या वर्षी स्टेशनचं नाव बदलून प्रभादेवी केलं.

आता आपल्या घरात येऊ. बीडीडी चाळी. इंग्रज सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं १९२०च्या दशकात बांधलेल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गाला ३२, शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० फूट, संडास सगळ्यांचा मिळून.

या चाळी पडायला लागल्यावर वर्तमानपत्रांतले पांढरपेशे लेखक गहिवरून लिहू लागले. चाळ संस्कृती गेली, दारं उघडी असायची, शेजारधर्म होता. आम्हाला हा गहिवर नको. संडासाच्या रांगेत डबा घेऊन उभं राहण्यात संस्कृती नसते. आणि दारं उघडी होती ती कुणाला कुणासाठी? चाळीचाळींत जातीच्या रेषा होत्या. ५ जानेवारी १९७४ला वरळीला पँथरची सभा झाली. तिच्यावर दगड आले ते कुठून आले? शेजारच्या बिल्डिंगीवरून. १० जानेवारीच्या मोर्चावर वरून दगड पडला आणि भागवत जाधव शहीद झाला. त्यानंतर कित्येक दिवस एका चाळीतला माणूस दुसऱ्या चाळीसमोरून जात नव्हता. तेव्हा कृपा करून चाळीची अंगाईगीतं आम्हाला ऐकवू नका. आपल्या आईला स्वतःचा संडास मिळतोय, तो तिला मिळालाच पाहिजे. २०१७ साली भूमिपूजन झालं, १४ ऑगस्ट २०२५ला वरळीच्या पहिल्या ५५६ घरांना ५०० फुटांच्या फ्लॅटच्या किल्ल्या मिळाल्या. पाय पसरून झोपणारी ही आपली पहिली पिढी. आम्ही तिचं अभिनंदन करतो.

पण किल्ली हातात घेताना दोन गोष्टी डोळे उघडे ठेवून बघा.

पहिली गोष्ट. ५०० फूट तुम्हाला कुणी दानात दिलेलं नाही. वरळीच्या जमिनीवर तुमच्यासाठी चाळीस मजली इमारती रचल्या, त्या दाटीवाटीनं रचल्या, कशासाठी? बाकीची जमीन मोकळी करून विकायच्या टॉवरला देता यावी म्हणून. तुमचे मजले एकावर एक ढीग करून त्यांची हवा काढली जाते. अशा योजनांत विक्रीची इमारत वेगळी, तिचं गेट वेगळं, तिचा बगीचा वेगळा, आणि मध्ये भिंत. गावकुसाला आता पोडियम म्हणतात. आणि चाळिसाव्या मजल्यावरच्या लिफ्टचा, पाण्याच्या पंपाचा, रंगरंगोटीचा खर्च दर महिन्याला कायमचा येणार आहे. पाच-पन्नास रुपये भाड्याच्या खोलीतल्या म्हातारीला तो झेपणार नाही. तेव्हा दलाल दारात येईल. दलाल परका नसतो. आपल्याच आळीतला, जय भीम म्हणणारा, बाबासाहेबांचा फोटो खिशात ठेवणारा. तो म्हणेल, मावशी, विकून टाका, बदलापूरला दोन फ्लॅट येतील, पोराचं लग्न होईल. मावशीचं गणित चुकीचं नसेल. पण अशा हजार मावश्यांची बेरीज केली की वस्ती वजा होते.

वस्ती वजा झाली म्हणजे काय होतं? जिथे एक हाक मारली की पाचशे पोरं खाली उतरायची तिथे आता वॉचमन म्हणतो, गेटवर नाव लिहा. विहार जातो, वाचनालय जातं, जलशाची जागा जाते, वॉर्डातली मतं फुटतात. १९७२ साली पँथर उभी राहिली ती या दाट वस्त्यांच्या जोरावर. कामाठीपुरा, वरळी, नायगाव, माटुंगा लेबर कॅम्प. पुस्तकांतून चळवळ उभी राहत नाही. चालत पोचता येईल एवढ्या अंतरावर पाचशे संतापलेली माणसं लागतात. सरकारला जे पोलिसांच्या लाठीनं जमलं नाही ते बिल्डरच्या नकाशानं जमतंय, आणि त्यात एक टाळकंसुद्धा फुटत नाही.

हे आपल्यापुरतंच आहे असंही नाही. आपण ज्यांच्यावरून नाव घेतलं ती ब्लॅक पँथर १९६६ साली अमेरिकेतल्या ओकलंड शहरात निघाली. ते काळ्या कामगारांचं बंदर होतं. दक्षिणेतल्या गोऱ्यांच्या जाचातून सुटून काळी माणसं तिथल्या गोदीत, जहाजांच्या कारखान्यात, रेल्वेत कामाला आली होती. आपल्यासारखीच, बोचकं घेऊन. १९८० साली ओकलंडमध्ये जवळजवळ निम्मी वस्ती काळी होती. २०२०च्या जनगणनेत ती पाव हिश्श्याच्याही खाली आली. शेजारच्या सान फ्रान्सिस्कोत कॉम्प्युटरचा पैसा आला, घरांचे भाव चढले, आणि काळा माणूस लांबच्या गावांत फेकला गेला. पँथरचं शहर राहिलं, पँथरची माणसं गेली. आपलंही असंच होऊ द्यायचं आहे का?

दुसरी गोष्ट जास्त कडू आहे, आणि ती आम्ही आपल्याच लोकांना सांगतोय. सरकारनं झोपडीवाल्याला, खोलीवाल्याला दोन नावं दिली. पात्र आणि अपात्र. १९७६ साली झोपड्यांची गणना झाली, पास दिले. मग १९८५ची तारीख आली, मग १९९५ची, मग १ जानेवारी २०००. त्यापुढच्यांना २०११पर्यंत, पण पैसे भरून. तारखेच्या एका दिवसाच्या अलीकडे आलेला पात्र, पलीकडे आलेला अपात्र. जन्म कधी आणि कुठे झाला यावर माणसाची लायकी ठरवणारी पद्धत आपल्याला ठाऊक आहे. तिला आपण जात म्हणतो. आता कागदावर नवी शिवाशिव आली आहे आणि गंमत म्हणजे ती आपण पाळायला लागलो आहोत. सभेत पात्र पुढे बसतात. अपात्रांचा विषय निघाला की म्हणतात, त्यांचं नंतर बघू, आधी आपलं होऊन जाऊ दे. भाडोत्री तर मोजलाच जात नाही. पोटमाळ्यावर राहणारा मोजला जात नाही. आणि हे भाडोत्री, पोटमाळेवाले, अपात्र कोण आहेत? त्यांतला एक बिहारी असेल. पण दुसरा जालन्याचा आहे, बौद्ध आहे, तुमच्या मावसभावाचा साडू आहे, गावात सवर्णांनी बहिष्कार घातला म्हणून पाच वर्षांपूर्वी पळून आलाय. त्याच्याकडे तुमच्या आजोबांकडे होतं तेवढंच सामान आहे. फक्त तो उशिरा आला.

धारावीत हेच चालू आहे. सुमारे ६०० एकरांची वस्ती. २०२२ साली निविदा अदानींच्या गटाला गेली. पात्राला ३५० फूट धारावीत, अपात्राला धारावीबाहेर. मिठागरांच्या जमिनी, देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराची जमीन यांची नावं त्यासाठी पुढे आली. तारखेची रेघ जिथून मारली तिथून वस्ती फाडली. तमिळ, मराठी, भय्या, मुसलमान असा भेद त्या रेघेला नाही. भेद आपल्या डोक्यात आहे, म्हणून रेघेचं काम सोपं झालंय.

आता पुढचा घास कुठला ते सांगतो. पुढचा घास पूर्व किनारा. हे मी गोदीत काम करणारा माणूस म्हणून सांगतो. रोज बघतो म्हणून सांगतो. १८७५ साली ससून डॉक, १८८०ला प्रिन्सेस, १८८८ला व्हिक्टोरिया, १९१४ला अलेक्झांड्रा, म्हणजे आताची इंदिरा गोदी. १४ एप्रिल १९४४ला व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याचं जहाज उडालं तेव्हा जळाले त्यांत आपल्यासारखे ओझेवालेही होते. १९८९ साली पलीकडे न्हावाशेवाला नवं बंदर झालं, कंटेनर तिकडे गेले, इकडचं काम घटत गेलं. प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया बुजवल्या. आज माझ्यासारख्याला रोज काम मिळेल याची खात्री नाही. कंत्राटदाराचा मुकादम बोलावील तेव्हा जायचं. माझ्या टोळीत एक जालन्याचा आहे, एक आझमगडचा, दोघे बिहारचे, एक तमिळ म्हातारा. स्टीलची कॉइल साखळीतून सुटली तर ती कुणाची भाषा विचारून सुटत नाही.

पोर्टची जमीन कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत पसरली आहे. गिरण्यांच्या जमिनीपेक्षा कितीतरी जास्त. २०१४ साली राणी जाधव समितीनं या जमिनीचं काय करायचं याचा अहवाल दिला. तेव्हापासून नकाशे रंगवले जात आहेत. जानेवारी २०२४मध्ये शिवडीहून अटल सेतू सुरू झाला. शिवडी-वरळी उन्नत मार्गासाठी प्रभादेवीचा जुना पूल पाडायला घेतला. रस्ता आधी येतो, भाव मागून येतो, माणूस शेवटी जातो. हा क्रम पाठ करून ठेवा. दारूखान्यात, कोळसा बंदरावर, रे रोडला हजारो झोपडी आहे. जहाजं तोडणारे आहेत, भंगारवाले आहेत, कोळी आहेत, आपले आहेत. ही जमीन केंद्राच्या ताब्यातली, त्यामुळे राज्याची झोपडपट्टी योजना इथे आपोआप लागू होत नाही. म्हणजे इथे पात्र कुणीच नाही. सगळेच अपात्र! शिवडीच्या बीडीडी चाळीही पोर्टच्या जमिनीवर, म्हणून वरळीच्या बरोबर त्यांचा विकास झाला नाही. वरळीला किल्ल्या वाटल्या तेव्हा शिवडी बघत राहिली.

मग करायचं काय? नुसत्या शिव्या घालून हे संपादकीय संपवायचं नाही. आपल्याकडून चार कामं व्हावीत.

एक. भाषेवरून, प्रांतावरून माणसाला मारायला आपला एकही पोरगा जाणार नाही. बोलावणारा कुठल्याही झेंड्याचा असो, निळ्यासुद्धा. गेला तर त्याला वस्तीत जाब विचारला जाईल.

दोन. वस्तीचा पहिला नकाशा आपण काढायचा. सरकारी सर्व्हे यायच्या आधी. कोण कुठे राहतो, किती वर्षं, भाडोत्री कोण, पोटमाळ्यावर कोण, कुणाकडे कुठला कागद आहे. पात्र-अपात्र अशी दोन यादी करायची नाही. यादी एकच. मॅट्रिक झालेला कुणीही हे काम करू शकतो. वही, पेन आणि चार रविवार लागतात.

तीन. नियमावली वाचायची. आपण कविता वाचतो, वाचल्याच पाहिजेत. पण २००१ साली गिरण्या खाल्ल्या त्या एका कलमानं खाल्ल्या. आपल्यातल्या वकिलीला असलेल्या पोरांनी पोर्टच्या जमिनीचे, धारावीचे, बीडीडीचे कागद मिळवावेत आणि नाक्यावर, बोलीभाषेत, आयाबायांना कळेल असे समजावून सांगावेत. करारात विहार, वाचनालय, बालवाडी, मासळीची जागा लिहून घ्यायची. तोंडी आश्वासन आलं की समजा फसवलं.

चार. नव्या इमारतीत गेलेल्यांनी विकण्याआधी वस्तीला विचारायचं. बंदी घालायचा अधिकार आम्हाला नाही आणि कुणाच्या अडचणीवर आम्ही पहारा बसवणार नाही. पण देखभालीचा खर्च एकट्या म्हातारीच्या डोक्यावर पडू नये म्हणून सोसायटीत आपली माणसं निवडून आणा, हिशोब भिंतीवर लावा, गच्चीचं, दुकानांचं उत्पन्न कुठे जातं ते विचारा. म्हातारी टिकली तर वस्ती टिकेल.

या अंकात वरळी, नायगाव, शिवडी आणि माटुंगा लेबर कॅम्पातल्या पोरापोरींनी आपापल्या वस्तीबद्दल लिहिलेली टिपणं छापली आहेत. शुद्धलेखन आम्ही सुधारलेलं नाही. दारूखान्याचं टिपण एका हिंदी बोलणाऱ्या दोस्तानं सांगितलं, ते आमच्या एका बाईनं मराठीत उतरवलं. पुढचा अंक पूर्ण पूर्व किनाऱ्यावर काढायचा आहे. तुमच्या गल्लीचा नकाशा पाठवा, टिपण पाठवा, आणि जमलं तर छपाईला दहा-वीस रुपये पाठवा. कागद महाग झालाय, जमिनीएवढा नसला तरी.

जय भीम!